पांढऱ्यावर पाय

“पांढरं कुठाय रे?”

अक्काने उजवा पाय फुटपाथवरून खाली सोडला, चपलेच्या टोकाने रस्त्याची काच चाचपली आणि चटका बसावा तसा पाय वर घेतला. तिच्यामागे हॉस्पिटलच्या दोन नर्स आणि हाताला प्लास्टर घातलेला एक माणूस खोळंबले होते.

“आहे, आहे. टाक पाय तू,” रंगारी म्हणाला. त्याच्या एका हातात लांब दांड्याचा पोछा होता, दुसऱ्या हातात बादली.

“कुठे आहे? मला सगळं लखलख दिसतंय. घासून उन्हात ठेवलेल्या ताटावर उभं केल्यासारखं.”

“मग हात दे.”

“हात नको.”

“अक्के, बस येतेय.”

“येऊ दे की. तिला डोळे आहेत ना?”

बसने भोंगा वाजवला आणि ब्रेक लावला. काचेवर ब्रेक लागला की दातांखाली खडा यावा तसा आवाज व्हायचा. रंगाऱ्याने बादली टाकली, बहिणीचं कोपर धरलं आणि तिला जवळजवळ ओढतच पलीकडे नेलं. फुटपाथ पायाला लागताच तिने कोपर हिसकावून घेतलं.

“पोतं आहे का मी? या भिंतीचं उचलून त्या भिंतीला लावायला?”

एवढं बोलून ती हॉस्पिटलच्या भिंतीला बोटं लावत लाँड्रीच्या दाराकडे निघून गेली. रंगारी तिथेच उभा. मागे रस्त्यात बादली आडवी झाली होती, पाणी सांडलं होतं, आणि नुकत्याच पुसलेल्या काचेवर त्या पाण्यातून बसचे काळे टायर गेले होते. आता ती पट्टी पुन्हा पुसायची. पुसून होते न होते तोच दुसरी बस येणार.

आता बघा, म्हटलं तर गोष्ट एवढीशी. एका म्हातारीला रस्ता ओलांडता येत नाही. जगात काय कमी दुःखं आहेत? पण देव माणसाकडून एकेक गोष्ट काढून घेतो तेव्हा एखादी चिमूटभर मागे ठेवतो, आणि त्या चिमटीवर ते माणूस उभं असतं. अक्काच्या डोळ्यांतलं सगळं गेलं होतं. चेहरे गेले, अक्षरं गेली, सुईचं नाक तर केव्हाच गेलं. राहिलं होतं एवढंच, की काळ्यावर मोठं पांढरं असेल तर ते दिसायचं. त्या चिमूटभर पांढऱ्यावर तिने आपलं सगळं बसवलं होतं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती चादरींच्या घड्या घालायची. घडीला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. तिच्या घडीची कड दुसऱ्या कडेवर अशी बसायची की नव्या मुलींना दाखवायला तिचीच चादर नेत. घरून लाँड्रीला जायला मध्ये फक्त हा एक रस्ता. आणि रस्त्यावर तिच्या धाकट्या भावाने मारलेले पांढरे पट्टे.

धाकटा भाऊ म्हणजे हा रंगारी. भिंतींचा नव्हे, रस्त्यांचा. पांढरी पूड भट्टीत वितळवायची, दोरी ताणून खडूची रेघ मारायची आणि वितळलेला रंग लोखंडी पेटीत घालून ती पेटी आपल्याकडे ओढत, मागे मागे चालत जायचं. समोर पट्टा उमटत येतो, माणूस पाठीकडे सरकत जातो. साऱ्या उमेदीत तो असा उलटा चालला होता. त्यामुळे साध्या रस्त्यावरून सरळ चालतानाही त्याची मान एकसारखी मागे वळायची.

“लग्नातसुद्धा हा मागे मागे चालेल की काय, अशी धास्ती होती मला,” अक्का सगळ्यांना सांगायची.

बायको लवकर गेली. मग घरात ही दोघंच उरली, एकमेकांना टाकून बोलत आणि एकमेकांसाठी जेवण झाकून ठेवत.

त्याला काम शिकवलेल्या वस्तादाचा एक नेम होता. ओलांडायचे पट्टे मारून झाले, सुकले, की सामान आवरायचं, पण रंगाचा डबा जमिनीवरच ठेवायचा. पहिलं पाऊल पडेपर्यंत तो उचलायचा नाही. “रेघ मारली म्हणून वाट होत नाही,” वस्ताद म्हणायचा. “कुणीतरी तिच्यावर विसंबून पाय टाकला, की होते.” रंगाऱ्याने तो नेम पाळला. उन्हातान्हात डब्याजवळ उकिडवा बसून तो पहिल्या माणसाची वाट बघायचा. कधी पोस्टमन यायचा, कधी शाळकरी पोरी. एकदा एक कुत्रं आलं, तेही वस्तादाने चालवून घेतलं. हॉस्पिटलसमोरच्या या पट्ट्यांवर मात्र पहिला पाय अक्काचा पडला होता. तिने पट्टे मोजले नाहीत की भावाचं कौतुक केलं नाही. जेवणाचा डबा छातीशी धरून पांढऱ्यावर पाय, पांढऱ्यावर पाय असं करत ती पलीकडे गेली आणि तिथून ओरडली, “शेवटचा जरा वाकडा आहे रे!”

वाकडा नव्हता. तरी त्याने तो पुन्हा मारला.

मग आला सूर्याचा रस्ता.

चौकात मोठं चित्र लागलं. रस्ता निळा, गाड्या पांढऱ्या, माणसं गोरीगोमटी, आणि वर लिहिलं होतं की हा रस्ता वीज देईल. डांबर काढून काचेच्या लाद्या बसवणार, लाद्यांखाली ऊन पकडायची पाती असणार. रंगाचे पट्टे बंद, कारण रंगाखाली ऊन पोचत नाही. पट्ट्यांच्या जागी काचेच्या आतूनच दिवे लागणार.

लोक म्हणाले, वा. रंगारीही म्हणाला, वा. खोटं कशाला सांगा, त्याचा विश्वास बसला होता. घरी येऊन त्याने बहिणीला सांगितलं, “अक्के, आता पट्टे उजळणार. दिवसा-रात्री दिवाच दिवा. तुला आधीपेक्षा चांगलं दिसेल बघ.”

“रस्त्याने वीज द्यायची आणि गाड्यांचं ओझंही घ्यायचं?” अक्का म्हणाली. “सुनेला एकाच वेळी विहिरीवर आणि चुलीपाशी उभं करण्यातला प्रकार झाला हा.”

“तुला नाही कळायचं.”

“मला कुठे काय कळतं? तुझ्या तोंडावर काळं लागलंय की पांढरं, तेवढं सांगू शकते.”

आणि जुने पट्टे उखडायचं काम त्यालाच मिळालं. छिन्नी-हातोडी घेऊन त्याने आपलेच पट्टे आपल्या हाताने सोलून काढले. चिवट होते. डांबर सुटत होतं, पट्टा सुटत नव्हता. त्या वेळी त्याला त्याचा अभिमान वाटला होता. आता आठवलं की हातांची शिसारी यायची.

पुढे झाडांची पाळी आली. सावली पडते म्हणून दोन्ही बाजूंची झाडं छाटली, तरी सावली पडते म्हणून बुंध्यापासून तोडली. हॉस्पिटलबाहेर ताटकळणाऱ्या माणसांच्या डोक्यावर ऊन आलं. उद्घाटनाचा दिवस नेमका ढगाळ निघाला. दिवे मात्र काय झगमगले! टाळ्या पडल्या, फोटो निघाले. अक्का भावाच्या शेजारी उभी होती. तिने नाक वर केलं, दोनदा हुंगलं.

“धाकट्या, या सूर्याला डिझेलचा वास येतोय.”

तो हसला. मग त्यालाही आला. हॉस्पिटलच्या भिंतीमागे जाऊन त्याने बघितलं. रंगीत कापडाच्या आड जनरेटर धडधडत होता, आणि त्याची जाड वायर भिंतीवरून उतरून रस्त्याच्या कडेला काचेखाली शिरली होती. शेजारी बसलेल्या ऑपरेटरने त्याला डोळा मारला.

रंगाऱ्याला त्या क्षणी जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही. राग येऊन जातो. अन्नात केस निघावा आणि पुढचा घासच उतरू नये, तसं झालं त्याचं.

पट्टे मारायचं काम संपलं, म्हणून त्याला पोछा दिला गेला. काच मळली तर ऊन आत जात नाही, तेव्हा ती रोज पुसायची. टायरचं काळं, गाड्यांचं गळलेलं तेल, उसाचा चिकट रस, थुंकी, पाखरांची घाण, ओल्या धुळीचा थर. एका टोकाकडून पुसत दुसऱ्या टोकाला जावं तोवर पहिलं टोक पुन्हा मळलेलं. घाणीची त्याला किळस नव्हती. डांबर आणि धुरात ज्याचं आयुष्य गेलं तो घाणीला काय भितो? किळस यायची ती कोपऱ्यावरच्या पाटीची. रस्त्याने आज किती वीज केली त्याचे आकडे त्या पाटीवर लाल अक्षरांत पळायचे, आणि जाणारे-येणारे म्हणायचे की सगळी वीज ही पाटीच खात असणार.

“काय मामा,” पेपरवाला सायकलवरून ओरडायचा, “रस्ता पुसताय की आरसा? चेहरा दिसतोय का?”

“दिसतोय ना. म्हणून तर पुसतोय, जावा म्हणून.”

रस्ता चांगला चालायला हवा असेल तर त्यावर कुणी चालता कामा नये, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं. गाडी उभी राहिली की तिची सावली. बस थांबली की बसची सावली. साहेबांनी तोंडी हुकूम देऊन ठेवला होता, “मामा, कुणी रेंगाळलं तर हाकला.” ज्याने जन्मभर माणसांना रस्ता दिला, त्याने आता माणसांना रस्त्यावरून हुसकवायचं.

त्या सकाळी अक्का कोपर हिसकावून गेली आणि थोड्या वेळाने साहेब पाटी बघायला आले. साहेब म्हणजे रस्त्याची देखभाल बघणारे इंजिनियर. माणूस वाईट नव्हता. जेवण वेळेवर न मिळणाऱ्या माणसासारखा त्याचा चेहरा असायचा. रंगारी पोछा टेकवून समोर उभा राहिला.

“साहेब, हॉस्पिटलसमोर तेवढे पट्टे मारू द्या. तेवढेच.”

“मामा, पुन्हा तेच? दिवे आहेत ना तिथे.”

“दाखवा.”

“काय?”

“दिवे. या, दाखवा मला कुठे आहेत.”

साहेब आले. दोघं भर उन्हात काचेवर वाकले. साहेबांनी डोळे बारीक केले, कपाळावर हात धरला, मग गुडघ्यावर बसले. काहीच दिसेना. शेवटी त्यांनी हातातली फाईल काचेवर आडवी धरली. फाईलच्या सावलीत एक दिवा मिणमिणताना दिसला, चिमणीच्या डोळ्याएवढा.

“हा बघा! लागलाय की.”

“लागलाय,” रंगारी म्हणाला. “म्हणजे दिवा बघायचा तर सावली हवी. आणि सावली केली तर वीज नाही.”

साहेबांनी फाईल उचलली. दिवा नाहीसा झाला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मला काय दिसत नाही का, मामा? समोर हॉस्पिटलचं एवढं मोठं छप्पर रिकामं पडलंय. तिथे सावली नाही, टायर नाही, पोछा नाही. पण छपरावर टाकलं तर फोटो कशाचा काढणार? चालतंय तोवर चालू द्या. माझी मुलं शिकतायत.”

“माझी बहीण आंधळी आहे.”

“मग कुणीतरी हात धरून सोडा की. तुम्ही आहातच इथे.”

संध्याकाळी घरी रंगाऱ्याने हा दिवा-सावलीचा किस्सा सांगितला तशी अक्का कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. “दिव्याखाली अंधार ऐकलं होतं. दिव्यासाठी अंधार आजच ऐकला!” हसता हसता थांबली. भावाचा टॉवेल उगाच घडी करून पुन्हा उलगडू लागली.

“धाकट्या, मी काम सोडते.”

“का? कुणी बोललं का?”

“बोलले असते तर बरं होतं. बोलणाऱ्याला उत्तर देता येतं.” ती टॉवेलाची कड शोधत राहिली. “आज मला खुर्ची दिली त्यांनी.”

“बरं केलं की. पाय दुखतात म्हणतेस ना?”

“तुला नाही कळत. रोज तू मला ओढत आणतोस ते खिडकीतून दिसतं त्यांना. एकटी चालत यायचे तेव्हा मी घड्या घालणारी होते. आता मी हात धरून आणलेली आहे. हात धरून आणलेल्या माणसाला काम देत नाहीत रे, खुर्ची देतात. नव्या पोरीने माझ्या पुढ्यातून चादर काढून घेतली. ‘राहू द्या आजी, मी करते.’ किती गोड बोलली! आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. पण मी गाय नाही ना.”

रंगाऱ्याने जेवणाचं ताट पुढे सरकवलं.

सकाळी तो अक्काच्या आधी निघाला. परसातली भट्टी त्याने बघितली आणि सोडून दिली. वितळलेला रंग काचेवर पडला की काच तडकणार, आणि तडकलेली काच कुणाच्या तरी पायात जाणार. भिंतीला लावायचा पांढरा रंग डब्यात होता, तो त्याने घेतला. पेटी नाही म्हणून ब्रश घेतला. लपूनछपून नाही, चांगलं उजाडल्यावर, पेपरवाल्याच्या आणि नर्सांच्या देखत त्याने दोरी ताणली, खडू मारला आणि वाकून मागे मागे सरकत पट्टे ओढू लागला. येणारी बस थांबली. ड्रायव्हरने भोंगा वाजवायला हात नेला आणि म्हाताऱ्याची वाकलेली पाठ बघून तसाच मागे घेतला.

काचेवर भिंतीचा रंग धरत नाही. हे त्याला माहीत होतं. ब्रश उचलतानाच कडेला पापुद्रा सुटू बघत होता. वर्षानुवर्षं न हललेले पट्टे मारणारा तो हात, आणि आज जे मारत होता ते संध्याकाळ बघेल की नाही याची शंका. त्याला स्वतःच्या कामाचीही किळस आली. तरी रेघ सरळ मारली.

रंग सुकला. डबा जमिनीवर ठेवून तो बाजूला उकिडवा बसला.

अक्का आली. फुटपाथच्या कडेशी थांबली. मान जरा पुढे काढली, कोंबडी दाणा बघते तशी. मग काही न विचारता पाय खाली ठेवला. पांढऱ्यावर. दुसरा, पुन्हा पांढऱ्यावर. जेवणाचा डबा छातीशी, मान ताठ. लाँड्रीच्या खिडकीत दोन-तीन डोकी जमली होती. पलीकडे पोचून तिने चपला फुटपाथवर आपटल्या, तळाला चिकटलेले रंगाचे पापुद्रे झाडले आणि मागे न वळता ओरडली,

“शेवटचा वाकडा आहे रे!”

रंगाऱ्याने डबा उचलला. डोळे पुसायला बाही वर नेली, तर बाहीवरचा रंग गालाला लागला.

दुपारी साहेब आले. पाटीकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं, रंगाऱ्याच्या गालाकडे बघितलं.

“काढा ते, मामा.”

“मी कशाला काढू? रस्ताच काढतोय की.” आणि खरंच, बसच्या टायरांना चिकटून पापुद्रे निघत होते, वाऱ्यावर कोंड्यासारखे उडत होते. मधले पट्टे तर केव्हाच गेले होते. “ह्या रस्त्यावर काही टिकत नाही, साहेब. घाण सोडून.”

साहेबांनी बुटाला चिकटलेला एक पापुद्रा दुसऱ्या बुटाने काढला. मग म्हणाले, “कुणीतरी फोटो काढून वर पाठवलाय. मला विचारणा झाली.” त्यांना त्याच्याकडे बघवेना. “उद्यापासून येऊ नका. पोछा-बादली इथेच ठेवा.”

रंगाऱ्याने पोछा पिळला. पिळून, दांडा पुसून, बादलीत उभा केला आणि बादली साहेबांच्या पायाशी ठेवली. देताना घाणेरडी वस्तू द्यायची त्याची पद्धत नव्हती.

“रंगाचा डबा माझा आहे,” तो म्हणाला. “तो घेऊन जातो.”

पण गेला नाही. लाँड्री सुटेपर्यंत हॉस्पिटलच्या भिंतीशी, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसून राहिला. ऊन उतरलं तसे काचेतले दिवे दिसू लागले. निम्मे बंद होते, आणि जे चालू होते ते निळसर, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखे.

अक्का बाहेर आली. तिच्या चालण्यात आज जोर होता.

“आज खुर्ची मी त्या पोरीला दिली,” ती लांबूनच म्हणाली. “म्हटलं बस तू, नि बघ घडी कशी घालतात.” मग फुटपाथच्या कडेशी येऊन थांबली. पाय खाली सोडला. काच चाचपली.

“धाकट्या, पांढरं कुठाय रे?”

लाँड्रीची खिडकी अजून उघडी होती. रंगाऱ्याने ती बघितली. त्याने हात पुढे केला नाही. डबा फुटपाथवर ठेवला आणि स्वतः रस्त्यावर उतरला. तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. छातीपासून गुडघ्यापर्यंत सकाळचा रंग लागलेला त्याचा पांढरा सदरा, आणि मागे काळी पडत चाललेली काच.

“मी दिसतोय का?”

अक्काने मान पुढे काढली. “दिसतोयस. भूत दिसतोयस.”

“मग ये.”

एक हात वर करून त्याने बस थोपवली आणि मागे मागे चालू लागला, पेटी ओढताना चालायचा तसा, तिच्या पावलाला पाऊल जुळवून. अक्का त्या पांढऱ्यावर नजर रोवून येत राहिली. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं आणि कुणी कुणाला धरलेलं नव्हतं.

मध्यावर तिने विचारलं, “पट्टे गेले ना?”

“गेले.”

“काम?”

“तेही गेलं.”

ती चार पावलं चालली. मग म्हणाली, “उद्या हाच सदरा घालणार आहेस?”

“हाच.”

“धुऊन घाल. कडेने मळलाय, कळत नाही नीट.”

त्याची टाच फुटपाथला लागली. तो बाजूला सरला. अक्काने पाय वर ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि जेवणाचा डबा काखेत मारून घराच्या दिशेने चालू लागली. बस अजून थांबलेलीच होती. रंगारी तिच्यासमोरून परत पलीकडे गेला, वाकला, आणि आता त्याने रंगाचा डबा उचलला.